सी भाषेत अलोका वापरायचं की नाही? माझं मत: स्टँडर्डच्या बाहेर जाऊच नका

उद्यमनगरकर: शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आमचा प्रोग्राम भट्टीचं तापमान टिपतो, सेकंदाला एक नोंद. सकाळी आठला चालू केला की साडेबाराच्या आसपास बंद पडायचा. आम्ही दोन दिवस लाइटवर संशय घेत बसलो. शेवटी सापडलं: दर नोंदीला लूपमध्ये अलोकानं (स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, जागा घेणाऱ्या फंक्शननं) 512 बाइट घेतले होते. ही जागा लूपची फेरी संपली म्हणून सुटत नाही, फंक्शन संपल्यावरच सुटते. लिनक्सवर स्टॅक सहसा 8 एमबीचा असतो. भागून बघा, 16,384 नोंदी, म्हणजे साडेचार तास! मॅलॉक हे मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन; त्याला जागा मिळाली नाही तर ते नल (म्हणजे 'जागा नाही' अशी खूण) तरी देतं. अलोका काही न सांगता प्रोग्राम पाडतं. ते सीच्या स्टँडर्डमध्ये (भाषेच्या अधिकृत नियमांत) नाही, पॉझिक्समध्येही (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या स्टँडर्डमध्येही) नाही. मेमरी घ्यायला-सोडायला स्टँडर्डमधली 1989 पासूनची मॅलॉक, कॅलॉक, रिअॅलॉक, फ्री (जागा सोडणारं) ही चारच वापरा.

कळंब्याचा: भावा, चूक लूपमध्ये आहे, अलोकाला कशाला बोल लावतोस? ते फक्त स्टॅक पॉइंटर (स्टॅक कुठवर भरला याची खूण) सरकवतं. हीपमध्ये (मॅलॉक जिथून जागा देतं त्या मेमरीत) शोधाशोध नाही, तुकडे पडत नाहीत, फ्री करायचं विसरलं असं होत नाही. आणि नलचा भरवसा किती धरायचा? लिनक्स मॅलॉकला बहुतेक वेळा हो म्हणतं आणि जागा खरंच वापरायला घेतल्यावर मेमरी संपली की प्रोसेस मारतं.

उद्यमनगरकर: मान्य, पण ते मशीनची सगळी मेमरी संपल्यावर. इथं 8 एमबीत खेळ संपतो. आणि माप आधीच ठरलेलं असेल तर साधा अॅरे घे की.

राजारामपुरी ७वी गल्ली: 'चारच' हे मला पटत नाही. स्ट्रडप (मजकुराची प्रत करून देणारं फंक्शन) कितीतरी वर्षं स्टँडर्डच्या बाहेर होतं, तरी सगळे वापरत होते. सी23 मध्ये (स्टँडर्डच्या नव्या आवृत्तीत) ते आत आलं. उलट अलाइन्ड अलॉक (ठरावीक पटीतल्या पत्त्यावर जागा देणारं) 2011 पासून स्टँडर्डमध्ये आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत मिळत नाही, कारण तशी जागा त्यांच्या फ्रीला सोडवता येत नाही. तिथं त्यांचं वेगळं फंक्शन घ्यायचं आणि सोडवायलाही त्यांचंच वापरायचं. साधं फ्री केलंत तर हीपची वाट लागते. कोणत्या मशीनवर चालवायचंय ते आधी बघा.

उद्यमनगरकर: बरोबर आहे, 'चारच' मागे घेतो. स्ट्रडप राहू दे. अलोका मात्र काढलंच. आता लूपच्या बाहेर एकदाच मॅलॉक केलाय, तोच बफर पुन्हा पुन्हा वापरतो. कालपासून सलग चालू आहे.

कळंब्याचा: अरे, मग लूपच्या बाहेर एकदाच घेतलं असतंस तर अलोकाही चाललं असतं की!