उत्तर: कार्ट्रिज बदलल्यावर आवाज बसला

टर्नटेबलची कार्ट्रिज (रेकॉर्डवरच्या सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) बदलल्यापासून व्हॉल्यूम तीनच्या काट्यावर नेला तरी आवाज बारीक आणि मागे सू-सू, असं तुम्ही म्हणताय. कार्ट्रिज ठीक आहे, गणित बिघडलंय. जुनी ऑर्टोफॉन २एम रेड (एमएम, म्हणजे हलत्या चुंबकाची) ५.५ मिलिव्होल्ट देते, नवी डेनॉन डीएल-१०३ (एमसी, म्हणजे हलत्या कॉइलची) फक्त ०.३. तुमचा प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅम्पच्या आधी सिग्नल वाढवणारा डबा) ४० डेसिबलचा, म्हणजे शंभर पट. रेडचे ५५० मिलिव्होल्ट व्हायचे, डेनॉनचे जेमतेम ३०. साठ डेसिबलला, हजार पटीला, तेच ३०० होतात आणि अ‍ॅम्पला पुरतात.

उलटा उद्योग मी केलाय: एमएम कार्ट्रिज आणि प्रीअ‍ॅम्पचं बटण एमसीवर, म्हणजे साठ डेसिबलवर. आलाप कसाबसा निभावला, तबला सुरू झाला आणि स्पीकरमधून पत्रा फाटल्यासारखा आवाज. हजार पटीने साडेपाच व्होल्ट होतात, बिचारा प्रीअ‍ॅम्प काय करणार!

नवा प्रीअ‍ॅम्प लगेच घेऊ नका. १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज दहा पट करणारा) कार्ट्रिज आणि प्रीअ‍ॅम्पच्या मध्ये लावलात तर कमी पडणारे २० डेसिबल मिळतात. शिवाय प्रीअ‍ॅम्पच्या एमएम इनपुटचे ४७ किलोओहम (कार्ट्रिजवर पडणारा भार) कार्ट्रिजला शंभराने भागून, ४७० ओहम दिसतात. डीएल-१०३ ला शंभरच्या वर काहीही चालतं. फक्त ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलच्या मोटरपासून लांब ठेवा, नाहीतर सू-सू जाऊन घूं-घूं येईल.