मदत हवी आहे: १ सप्टेंबर १९६५, छांबची चार व्हॅम्पायर आणि डायरीतली एक ओळ

नमस्कार. माझे वडील, अण्णा, हवाईदलाच्या ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आर्मरर, म्हणजे विमानांच्या तोफा आणि दारूगोळा सांभाळणारे, होते. १९६५च्या युद्धाच्या तोंडावर ही स्क्वाड्रन पुण्याहून पठाणकोटला हलवण्यात आली, तेव्हा तेही सोबत गेले. त्यांच्या डायरीच्या आधारे १ सप्टेंबरच्या संध्याकाळचा घटनाक्रम जुळवताना मी एका जागी अडलो आहे.

त्या दिवशी पहाटे पाकिस्तानी सैन्याने जम्मूतील छांबवर चढाई केली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांची परवानगी मिळेपर्यंत दुपार उलटली होती, आणि सायंकाळी पाचनंतर पठाणकोटहून व्हॅम्पायर व मिस्टेअर ही लढाऊ विमाने निघाली. चार व्हॅम्पायर परतली नाहीत, तीन वैमानिक गेले. इथवर वाद नाही. पुढे मात्र पाकिस्तानी वृत्तांत रफिकी आणि भट्टी या, सेबर लढाऊ विमाने चालवणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकांना प्रत्येकी दोन विमाने पाडल्याचे श्रेय देतो, तर भारतीय वृत्तांतानुसार तीन विमाने सेबरने पाडली आणि एक जमिनीवरील माऱ्याने पडले. रफिकी ६ सप्टेंबरला पंजाबातील हलवारा या भारतीय हवाईतळावरील हल्ल्यात मारले गेले, त्यामुळे त्यांची बाजू त्या पाच दिवसांत जेवढी नोंदली गेली असेल तेवढीच.

सुरुवातीला मला वेळाही जुळेनात आणि चकमकी दोन झाल्या असाव्यात असे वाटू लागले. पश्चिम पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असे हे ध्यानात घेतल्यावर तो गुंता सुटला. आता प्रश्न उरला आहे तो एकाच विमानाचा.

अण्णांनी त्या पानावर निळ्या शाईत लिहिले आहे : ‘चारही तोफांच्या पट्ट्या भरून दिल्या. रात्री आठपर्यंत चार विमाने नाहीत.’ त्याखाली समासाला चिकटून, काळ्या शाईत आणि बारीक अक्षरात आहे : ‘त्यांपैकी एक खालच्या तोफांनी पडले म्हणतात.’ हे ‘म्हणतात’ मला फार मोलाचे वाटते, कारण अण्णा स्वतः पाहिलेल्या गोष्टीला हा शब्द कधीच लावत नसत. परतलेल्या वैमानिकांकडून त्याच रात्री ऐकलेली ही गोष्ट असेल, तर तो जवळपास समकालीन पुरावा ठरतो. पण नंतर प्रसिद्ध झालेले वाचून ती ओळ घातली असेल, तर तिला स्वतंत्र साक्ष मानता येणार नाही, आणि वडिलांचे अक्षर म्हणून तिला झुकते माप देणे मला पटत नाही.

जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना विचारायचे आहे की, पानाला इजा न करता काळी ओळ त्याच सुमारास लिहिली की बऱ्याच वर्षांनी, हे कितपत ठरवता येते? भारत इतिहास संशोधक मंडळातील जाणकारांनी इतक्या अलीकडचा कागद पाहिल्याचा कुणाला अनुभव आहे का? दुसरे असे की, विश्रांतवाडी-धानोरी परिसरात स्थायिक झालेल्या, तेव्हा पठाणकोटला असलेल्या एखाद्या निवृत्त एअरमनशी किंवा त्यांच्या कुटुंबाशी कुणाचा परिचय असल्यास कृपया कळवावे. त्यांच्याकडील त्या आठवड्याचे एखादे पत्रही पुरेल.

पानाची छायाचित्रे देऊ शकेन. मूळ डायरी घराबाहेर द्यायला आई तयार नाही, त्यामुळे ती पाहण्यासाठी घरीच यावे लागेल.