वाचनालयातील ॲक्सेस पॉइंट संध्याकाळी वारंवार बंद-चालू होतो

प्रश्न

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका असून तिच्या छताला एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण) बसवलेला आहे. राउटर आणि त्याच्याशेजारचा पीओई इंजेक्टर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पाठवणारे उपकरण) तळमजल्यावरील कार्यालयात आहेत आणि तिथून साधारण ७० मीटरची एकच केबल वर गेलेली आहे. दिवसा सारे सुरळीत चालते. संध्याकाळी अभ्यासिका भरली, की ॲक्सेस पॉइंटचा दिवा विझतो, काही क्षणांनी पुन्हा लागतो, दोन-तीन मिनिटांनी वायफायचे नाव दिसू लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार घडतो. कधीकधी मोबाइल जोडलेला दिसतो, पण इंटरनेट चालत नाही. केबल टाकणारा कारागीर ॲक्सेस पॉइंटला दोष देतो आणि विक्रेता इंटरनेटच्या लाइनला. फॅक्टरी रीसेट करून पाहावे का?

उत्तर १

रीसेट मुळीच करू नका. त्याने सेटिंग्ज तेवढी पुसली जातील आणि मूळ दोष जागेवरच राहील. दिवा विझतो, याचा अर्थ उपकरणाला वीज पुरत नाही. लाइन बंद पडली असती तर इंटरनेट गेले असते, पण दिवा लागलेलाच राहिला असता. संध्याकाळी जोडलेले मोबाइल वाढले, की ॲक्सेस पॉइंटमधील दोन्ही रेडिओंना (वायफायचे सिग्नल पाठवणाऱ्या भागांना) अधिक काम पडते आणि ॲक्सेस पॉइंट अधिक वीज ओढतो, म्हणून दिवसा झाकलेला दोष तेव्हा उघडा पडतो.

प्रथम दोन्ही उपकरणांवरची लेबले वाचा. पीओईची एएफ आणि एटी अशी दोन मानके नेहमी आढळतात. ८०२.३एएफ प्रकारचा इंजेक्टर १५.४ वॅट देतो आणि केबलमधील घट धरून दुसऱ्या टोकाला १२.९५ वॅटची हमी असते, ८०२.३एटी प्रकारात हेच आकडे ३० आणि २५.५ वॅट असे आहेत. एटीची अपेक्षा ठेवणारा ॲक्सेस पॉइंट एएफवर सुरू होतो खरा, पण काही मॉडेल त्या वेळी क्षमता कमी करतात, तर काही भार वाढताच बंद पडतात. इंजेक्टर २४ व्होल्टचा पॅसिव्ह (उपकरणाची गरज न तपासता सरळ वीज सोडणारा) असेल तर तो या दोन्ही मानकांत बसत नाही.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, मात्र माझा पहिला संशय केबलवर आहे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या अनेक केबलींमध्ये तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याहून बराच जास्त असल्याने लांब अंतरावर व्होल्टेज खाली येते, आणि ही घट विद्युतप्रवाहाबरोबर वाढत असल्याने नेमक्या गर्दीच्या वेळी त्रास होतो. उरलेल्या तुकड्यातील एक तार ब्लेडने हलकेच खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ती केबल पीओईसाठी योग्य नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो.

त्यानंतर ॲक्सेस पॉइंट खाली आणून इंजेक्टरला दोन मीटरच्या चांगल्या पॅच कॉर्डने (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार छोट्या केबलने) जोडा आणि आठ-दहा मोबाइलांवर एकाच वेळी व्हिडिओ लावा. तिथे तो टिकला तर ॲक्सेस पॉइंट आणि इंजेक्टर दोन्ही निर्दोष आहेत. कारागीर आणि विक्रेता यांच्यातील वाद मिटवायला एवढी चाचणी पुरे.

प्रश्नकर्ता

इंजेक्टर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही एटी प्रकारचे आहेत. पॅच कॉर्डवर ॲक्सेस पॉइंट संपूर्ण संध्याकाळ एकदाही बंद पडला नाही. केबलची तार आतून चंदेरी निघाली. शिवाय छताजवळच्या टोकाला प्लग लावताना तपकिरी जोडीतील एक तार आतपर्यंत पोहोचलेलीच नव्हती, असे आढळले.

उत्तर ३

मग त्या तारेचाही यात वाटा असणार. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात आणि गिगाबिट जोडणीला त्या चारही लागतात. एक जोडी तुटली तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरते किंवा अस्थिर होते. अनेक इंजेक्टर निळ्या आणि तपकिरी जोड्यांवरूनच वीज पाठवतात, तेव्हा त्यांतील एक तार सुटल्यास त्या जोडीचा सारा भार तिच्या उरलेल्या तारेवर पडतो. केवळ प्लग बदलून थांबू नका, शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल नव्याने टाका आणि ती विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नका.

केबल बदलूनही मोबाइल जोडलेला पण इंटरनेट नाही अशी स्थिती आली, तर अभ्यासिकेतील विंडोज लॅपटॉपवर आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. तेव्हा राउटरपासून इंजेक्टरपर्यंतची छोटी केबल आणि ती योग्य पोर्टमध्ये आहे का, हे तपासावे. पत्ता मिळतो पण तो राउटरच्या मालिकेतला नाही, असे दिसल्यास ॲक्सेस पॉइंट चुकून राउटर मोडमध्ये, म्हणजे स्वतःच पत्ते वाटण्याच्या स्थितीत, ठेवलेला असण्याची शक्यता अधिक.

आणखी एक बाब, भारनियमनाच्या वेळी उपयोगी पडेल अशी: राउटरसाठी वापरला जाणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस हा इंजेक्टर चालवू शकत नाही. वीज गेल्यावर राउटर चालू आणि अभ्यासिकेतील वायफाय मात्र बंद, असे झाले तर तो बिघाड समजू नये. त्यासाठी इंजेक्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्यावा लागेल.