फाशी नव्हे, उलटं टांगणं
टॅरो म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांतल्या 'हँग्ड मॅन'ला (टांगलेला माणूस) काही जण फाशीचं कार्ड म्हणतात, तिथेच वाचन चुकतं. दोर गळ्याला नाही, उजव्या घोट्याला आहे. १९०९च्या रायडर-वेट या टॅरो संचात चेहरा शांत, डोक्यामागे तेजोवलय आणि खांबाच्या लाकडाला पालवी, म्हणजे लाकूड जिवंत. अर्थ: थांबणं, नजर उलटी करून बघणं. शिक्षेची छटा मात्र अगदीच निराधार नाही. जुन्या इटलीत गद्दारांची चित्रं अशीच एका पायाने टांगलेली काढत.

शेजारी 'एट ऑफ स्वॉर्ड्‌स' हे कार्ड आलं तर हे थांबणं लादलेलं समजा, कारण तिथली बाई डोळे बांधून जखडलेली आहे. 'हँग्ड मॅन' उलटं पडलं, तर माणूस सरळ उभा दिसतो. घाईत लोक ते कार्ड सुलटंच धरतात. कार्डावरचा आकडा बघा, १२ (रोमन XII): तो उलटा दिसला, तर कार्ड उलटं आहे.