फुसका फटाका परत पेटवायचा का? (आणि लहान पोरांच्या हातात फुलबाजी)

भिंगरी:
मंडळी, सणाला सगळा गोतावळा घरी जमतोय आणि फटाके नकोत म्हणून सांगून बघितलं पण कोणी ऐकत नाही. माझं नि धाकट्या दिराचं एकाच गोष्टीवरून वाजतं. फटाका फुसका निघाला की हा लगेच जवळ जातो, वाकून बघतो, वर फुंकर मारतो नि परत काडी लावतो, म्हणे वात विझली म्हणजे विझली. शिवाय चार वर्षांच्या पुतणीला फुलबाजी देतो, "त्यात काय, फुलबाजीच तर आहे". मी उगाच घाबरते का?

उंटावरचा_शहाणा:
उगाच नाही. वात बाहेरून विझलेली दिसली तरी आत धुमसत असू शकते, आणि फटाक्याच्या दारूला बाहेरची हवा लागत नाही, ऑक्सिजन पुरवणारं रसायन तिच्यातच मिसळलेलं असतं, त्यामुळे हवा लागत नाही म्हणून विझेल हा हिशोब तिथे चालत नाही. निदान २० मिनिटं कोणी फिरकायचं नाही, मग लांबूनच पाणी ओतायचं आणि नंतर बादलीत बुडवून ठेवायचं, रात्रभर राहू दे. परत पेटवणं हा विषयच नाही. आणि फुंकर मारताना तोंड कुठे नेतोय ते दिराला एकदा आरशासमोर करून दाखवायला सांगा.

रातकिडा:
फुलबाजीला सगळे साधी समजतात, पण पेटती असते तेव्हा तिचं तापमान १००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, पाणी तर १०० ला उकळतं. बरं विझल्यावर तार काळी पडते, गरम आहे हे दिसतच नाही, पोरं तिथेच टाकतात आणि मागून अनवाणी येणारं दुसरं पोर बरोबर तिच्यावर पाय देतं. पाण्याची बादली शेजारीच ठेवा, विझली की तार थेट त्यात, चर्र आवाज येतो म्हणून पोरांना ते कामही आवडतं. चार-पाच एकत्र धरून पेटवू नका, एकदम भडका होतो. बाळाला कडेवर घेऊन तर नकोच, तोंडासमोरच येते ती. चार वर्षांच्या मुलीला बॅटरीवाली चमकती काडी द्या, खूश होईल.

बिनधास्त_बाळू:
आम्ही लहानपणी हातात धरून फोडायचो, काही झालं नाही. हल्ली सगळंच नाजूक झालंय.

उंटावरचा_शहाणा:
बाळूभाऊ, ज्यांची बोटं शाबूत आहेत तेच टाइप करायला येतात.

पांढरी_चप्पल:
नर्स आहे म्हणून लिहिते. भाजलं तर नळाचं साधं गार पाणी २० मिनिटं, घड्याळ लावून, कारण लोक दोन मिनिटांत हात काढतात. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप-तेल नको, आम्हाला ते नंतर खरवडून काढावं लागतं आणि पेशंट ओरडतो. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आत काढा, चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, आत काही रुतलं असेल तर हात लावायचा नाही, कागदी कपाचा तळ कापून डोळ्यावर अलगद धरा आणि सरळ डॉक्टर गाठा. आणि सॅनिटायझर लावून काडी पेटवू नका हो, त्यात अल्कोहोल असतं.

भिंगरी:
थँक्यू सगळ्यांना!! दिराला हे सगळं पाठवलं. फुसक्याचं पटलं म्हणाला, आता विचारतोय रॉकेट बाटलीतून सोडलं तर चालेल ना.

रातकिडा:
नुसती उभी बाटली कलंडते आणि रॉकेट आडवं घुसतं, गर्दीत नाहीतर कोणाच्या तरी गॅलरीत. वाळूच्या बादलीत पाइपचा तुकडा घट्ट रोवा आणि काडी त्यात सैल ठेवा. काडी थेट वाळूत खुपसली तर अडकते आणि रॉकेट जागच्या जागीच फुटतं.