मदत हवी आहे: ड्राइव्हवरचं सगळं हार्ड डिस्कवर कसं घ्यायचं? जरा लवकर सांगा

चाफेकळी:
गूगल ड्राइव्हमधलं सगळं महिनाअखेरीच्या आत बाहेर काढायचंय. सगळं सिलेक्ट करून डाउनलोड दिलं की झिप बनत बसतं आणि मध्येच आमचं वायफाय मान टाकतं, की परत पहिल्यापासून. मग वैतागून लॅपटॉपवर ड्राइव्हचं जे फोल्डर दिसतं तेच उचलून हार्ड डिस्कवर टाकलं, तर निम्म्या फायली १ केबीच्या! डबल क्लिक केलं की ब्राउझर उघडून लॉगिन मागतो. प्रबंधाची प्रकरणं आहेत हो त्यात. सोपा उपाय सांगा आणि कृपया यूट्यूबवर बघा म्हणू नका.

सदाशिवपेठी:
किती जीबी? विंडोज की मॅक? आणि महिनाअखेरच का?

फुकटफौजदार:
शंभर जीबीचा प्लॅन घेऊन टाका की, हाय काय नाय काय. हार्ड डिस्क आज आहे उद्या नाही. माझी दोन वर्षांत टकटक आवाज करायला लागली, रिकव्हरीवाल्याने जे पैसे सांगितले त्यात नवा फोन आला असता.

चाफेकळी:
प्लॅनचा काय संबंध? अकाउंटच बंद होतंय. कॉलेजचं आहे ते.

सदाशिवपेठी:
अहो ताई, हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! कॉलेजचं अकाउंट म्हणजे सगळं गणितच बदललं. किती जीबी ते अजून सांगितलं नाहीत.

नदीकाठ:
आमच्याकडेही तेच झालं. आधी शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा होती, २०२२ च्या जुलैपासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांवर पहिली कुऱ्हाड.
त्या १ केबीच्या फायलींचं सांगते. गूगल डॉक्स, शीट्स, स्लाइड्स या तुमच्या कॉम्प्युटरवर नसतातच, तिथे फक्त पत्ता असतो. अकाउंट गेलं की तो पत्ता कागदाच्या चिठोऱ्याइतकासुद्धा कामाचा नाही. टेकआउट म्हणजे आपला सगळा डेटा एकत्र काढून देणारी गूगलचीच सोय, त्यातून मागवा, ते डॉक्सचं वर्ड आणि शीटचं एक्सेल करून देतं. फक्त ड्राइव्हवर टिक करा, बाकी सगळ्या काढा, नाहीतर सगळंच्या सगळं गोळा होऊन येतं. झिपचा आकार २ जीबी निवडा म्हणजे वायफाय गेलं तरी एकच तुकडा परत घ्यायचा. लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेवढ्यात उतरवून घ्या.

टर्मिनलवाला:
टेकआउट म्हणजे द्राविडी प्राणायाम. आरक्लोन टाका, म्हणजे क्लाउडवरच्या फायली उतरवणारा प्रोग्राम, एक ओळ कमांड, रात्री लावून झोपा, सकाळी तयार. डॉक्सचं वर्डही तोच करतो. वायफाय गेलं तर तीच कमांड परत द्या, पूर्ण झालेल्या फायली सोडून पुढचं घेतो.

सदाशिवपेठी:
प्रबंध लिहिणारीला काळ्या खिडकीत कमांड द्यायला लावताय? आणि कॉपीच्या जागी सिंक टाइप झालं तर? सिंक डिस्कवरचं जास्तीचं उडवतं, हे सांगितलंत का?

टर्मिनलवाला:
म्हणून तर कॉपी म्हटलं. ड्राय-रन नावाचा पर्याय असतो, काही न बदलता काय होईल ते आधी दाखवतो, तोही माहीत नसेल तर बोलू नये.

सदाशिवपेठी:
माहीत आहे. आणि कॉलेजच्या अ‍ॅडमिननी बाहेरची अ‍ॅप्स बंद ठेवली असतील तर तुमचा आरक्लोन दारातच अडेल हेही माहीत आहे.

मावशी_मिरजकर:
मला पण हाच प्रॉब्लेम आहे. जीमेल भरलं म्हणून सारखं येतंय, मेल येणं बंद होईल म्हणतंय. मी फोटो डिलीट केले तरी जागा तेवढीच. कोणी सांगेल का

नदीकाठ:
मावशी, जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबी असतात. डिलीट केलेले फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतात, बिन रिकामी करा. अँड्रॉइड असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही यातच मोजतात. पण नवीन धागा काढा ना, इथे गोंधळ होतोय.

चाफेकळी:
३८ जीबी, विंडोज. टेकआउटला लावलंय. पण गाईड सरांनी शेअर केलेलं मुलाखतींचं फोल्डर आहे, ते यादीत दिसत नाहीये. ते येईल ना??

नदीकाठ:
नाही येणार. टेकआउट माय ड्राइव्हमधलं देतं, शेअर्ड विथ मी मधलं नाही. सरांनाच त्यांच्या अकाउंटवरून काढून द्यायला सांगा. सरांचं अकाउंटही त्याच कॉलेजचं असेल, पण ते नोकरीत आहेत ना?

चाफेकळी:
जूनमध्ये रिटायर होतायत.

टर्मिनलवाला:
आरक्लोनमध्ये शेअर्ड विथ मी चा पर्याय आहे. बोलून ठेवतो.

सदाशिवपेठी:
मग आजच फोन करा सरांना. ऑडिओ असतील तर नुसतं फोल्डर उघडून आतल्या फायली थोड्या थोड्या सिलेक्ट करून डाउनलोड केल्या तरी चालतं, कमांडची गरज नाही. वर्ड केलेल्या प्रकरणांची पीडीएफही काढून ठेवा. मुक्तासारखा फॉन्ट गूगलमध्ये असतो, तुमच्या लॅपटॉपवर नसला तर वर्ड दुसराच लावतं आणि पानं मागेपुढे सरकतात.

फुकटफौजदार:
सरळ दुसऱ्या जीमेलवर ट्रान्सफर का करत नाही? काही कॉलेजांच्या अकाउंटला टेकआउट ट्रान्सफर असतं.

सदाशिवपेठी:
३८ जीबी १५ जीबीत कसं बसवणार? आता म्हणाल प्लॅन घ्या.

फुकटफौजदार:
तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय!!

चाफेकळी:
भांडू नका प्लीज. झिप आल्या. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये उघडतेय पण काही फायलींना विंडोज पाथ टू लाँग म्हणतंय आणि त्या वगळून पुढे जातंय. "प्रकरण ३ क्षेत्रकार्य कागल मुलाखती दुरुस्त अंतिम नवीन" अशी नावं आहेत, आणि फोल्डरात फोल्डर.

कोरा_चहा:
"अंतिम नवीन" 😂 सगळ्या पीएचडीवाल्यांचं तेच.

नदीकाठ:
विंडोजचा पाथ, म्हणजे फोल्डरांच्या नावांसकट फाइलचा पूर्ण पत्ता, साधारण २६० अक्षरांचा, तो संपतो. सी ड्राइव्हवर थेट "अ" नावाचं फोल्डर करा आणि सेव्हन-झिपने (झिप उघडायचा प्रोग्राम) तिथे उघडा. मग एका वर्ड फाइलवर वायफाय बंद करून डबल क्लिक करा, मजकूर दिसला तर ती खरी उतरली. ते झाल्याशिवाय ड्राइव्हवरचं काहीही डिलीट करू नका.

चाफेकळी:
उघडली! वायफाय बंद ठेवून. तक्ते जरा वेडेवाकडे झालेत पण मजकूर आहे. सरांचा फोन लागत नाहीये.

मावशी_मिरजकर:
बिन रिकामी केली, २ जीबी मोकळे झाले, धन्यवाद. नातवाचे फोटो पण गेले का त्यात?