वाचनालयाचं खरं स्थापनावर्ष आणि सुरुवातीचा पैसा: कागद कुठले बघायचे?

पानगळ:
तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची स्मरणिका करायची आहे. ट्रस्टच्या दाखल्यावर १९५३ साल आहे, पण जुन्या पुस्तकांवर ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असा शिक्का आहे. स्थापनावर्ष कुठलं धरायचं? आणि सुरुवातीला पैसा कोण देत होतं, ते कशावरून कळेल? दोन जुन्या किर्दवह्या (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) आहेत, त्यांतली काही पानं मोडीत आहेत.

दप्तरी:
१९५३ धरू नका. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यामुळे जुन्या संस्थांनाही नोंदणी करावी लागली. ते नोंदणीचं साल आहे, जन्माचं नव्हे. शिक्का बराच मागे नेतो. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची, कोल्हापूरची १८५० ची. पुढे ‘नेटिव्ह’ शब्द गळाला. पुण्यात नगर वाचन मंदिर झालं, कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर. म्हणून जुन्या कागदांत आजचं नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आधी आपल्या जिल्ह्याचं कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं गॅझेटिअर (ब्रिटिश काळातला सरकारी माहितीग्रंथ) काढा. शिक्षणाचं प्रकरण आणि गावांची माहिती, दोन्ही चाळा. गावाचं तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं असतं, त्यामुळे नुसत्या शोधखिडकीवर विसंबू नका. गाव संस्थानी मुलखात असेल तर दरबारचं दप्तर बघावं लागेल.

आणि पुस्तकाचं छपाईचं साल हा पुरावा नाही, जुनी पुस्तकं देणगीतही येतात. शिक्क्याजवळचा दाखल क्रमांक आणि तारीख घ्या, ती दाखल नोंदवहीशी ताडा. इतिवृत्ताची पहिली वही मिळाली तर पहिली सभा आणि प्रत्यक्ष उघडण्याचा दिवस वेगळे लिहून ठेवा, दोन्हींत बरेच महिने जाऊ शकतात.

जमाखर्च:
पैशाचा इतिहास किर्दीत जितका खरा सापडतो तितका भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर सापडत नाही. पाटीवर मोठे देणगीदार असतात. चार आण्यांची मासिक वर्गणी देऊन संस्था चालवणारे सभासद किर्दीतच भेटतात, आणि स्मरणिकेत त्यांना जागा मिळायलाच हवी.

जमेची बाजू अशी फोडा: वर्गणी, देणगी, नगरपालिकेचं किंवा लोकल बोर्डाचं अनुदान, कायम निधीचं व्याज, रद्दीची विक्री. अनामत वेगळी काढा. ती जमेला दिसते, पण सभासदाला परत द्यायची असते, म्हणून उत्पन्नात धरली की त्या वर्षाचा आकडा उगाच फुगतो.

दुसरी चूक एक्सेलमध्ये होते. ०-४-० (रुपये-आणे-पै) म्हणजे चार आणे, ०.४० रुपये नव्हे, ०.२५. सगळं आधी पैत करा (रुपयाच्या १९२ पै, आण्याच्या १२), बेरीज करा, मग परत रुपयांत आणा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्यानंतरही काही काळ दोन्ही पद्धतींच्या नोंदी दिसू शकतात, तिथे सांभाळून.

नगरपालिकेच्या ठराव पुस्तकात अनुदान ‘मंजूर’ दिसलं म्हणजे ते मिळालंच असं नाही. त्या वर्षाच्या किर्दीत रक्कम जमा आहे का ते बघा.

रुमाल:
मोडीची पानं जाणकाराला दाखवण्याआधी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वही सपाट ठेवून फोटो काढा. शिवण ताणू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते कागदाला इजा न होता निघत नाही.

तारीख शकात असेल तर चैत्र ते कार्तिक ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९. शके १८१५ चा माघ म्हणजे १८९४. मार्गशीर्षात किंवा पौषात इंग्रजी साल बदलतं, ते दोन महिने त्या वर्षाच्या पंचांगातच पाहावेत. हिशेबाचं वर्ष दिवाळी पाडव्याला सुरू होतं की एप्रिलात, तेही वहीच्या पहिल्या पानावरून ठरवा, नाहीतर एकच वर्गणी दोन वर्षांत मोजली जाईल.

पानगळ:
अनामत मी सरसकट उत्पन्नात धरली होती, आता वेगळी काढते. सरकारी अनुदानाचा भाग कुठून सुरू करू?

दप्तरी:
१९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा हा टप्पा धरा. त्यात ग्रंथालय कर नाही, पैसा राज्याच्या ग्रंथालय निधीतून येतो. वाचनालयाला अ, ब, क, ड पैकी कुठला वर्ग कधी मिळाला, ते राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या मान्यतापत्रावर सापडेल. वर्ग बदलला की अनुदान बदलतं, म्हणून ती पत्रं तारखेनुसार लावून मगच आकडे लिहा.